दुसरा खोकला

रात्रीचे पावणेदोन. लॅपटॉपवर अर्धवट लिहिलेली स्टोरी, बाजूला गार झालेली कॉफी आणि सकाळी दहाची डेडलाइन. फ्रीलान्स जर्नालिस्टच्या आयुष्यातली टिपिकल रात्र. आणि मग आतल्या खोलीतून आवाज येतो... खॉक. खॉक-खॉक. पाच सेकंद शांतता. पुन्हा खॉक-खॉक-खॉक.

गेल्या वर्षी जवळजवळ चार महिने आमच्या घराचं बॅकग्राउंड म्युझिक हेच होतं. बाबांचा खोकला. डोंबिवलीतला आमचा वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई-बाबा आत झोपतात, मी हॉलमध्ये. झोपते कसली, जागतेच. भिंती अशा की शेजारच्या काकूंच्या कुकरची कितवी शिट्टी झाली तेही आम्हाला कळतं. तिथे खोकला कुठे लपणार?

बाबांचा खोकला कोरडा होता. कफ नाही, ताप नाही, काही नाही. ‘घशात कुणीतरी मोरपीस फिरवतंय असं वाटतं,’ ते म्हणायचे. दिवसा बरे असायचे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू!

मग आपल्या घरांमध्ये जे होतं तेच झालं. आईने हळदीचं दूध दिलं. आत्याने फोनवरून अडुळसा सुचवला. दादाने बेंगळुरूहून व्हॉट्सअॅपवर सुंठ-मधाचा फॉरवर्ड पाठवला (स्वतः यायला सुट्टी नव्हती, फॉरवर्ड पाठवायला वेळ होता). ज्येष्ठमधाची कांडी बाबांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी बसू लागली. सितोपलादी चूर्ण झालं, गवती चहा झाला, वाफारा झाला. कफ सिरपच्या तीन बाटल्या संपल्या. बाबांना त्यातल्या एकीची चव आवडली, एवढाच काय तो फायदा.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी ‘हवा बदललीय’ म्हणून सांगितलं. मग अँटिबायोटिकचा कोर्स झाला. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला की टीबीची तपासणी करायची असते, म्हणून थुंकी तपासली, छातीचा एक्स-रे काढला. सगळं क्लिअर. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस रात्रभर खोकतोय! आमचं घर आठवतं तसं एवढं हतबल पहिल्यांदाच झालं होतं.

गोळ्यांची पिशवी

शेवटी मे महिन्यात मी बाबांना दुसऱ्या एका फिजिशियनकडे घेऊन गेले. पन्नाशीच्या मॅडम, केस पूर्ण पांढरे, बोलणं अगदी कमी. त्यांनी एक्स-रे पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘‘काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत? सोबत आणल्यात का?’’

बाबांची एक प्लॅस्टिकची पिशवी आहे. रिटायर झाल्यापासून ती पिशवी म्हणजे त्यांचं ऑफिस. त्यांनी ती टेबलावर उलटी केली. मॅडमनी एकेक पट्टी उचलून पाहिली आणि एका पट्टीवर थांबल्या.

‘‘ही कधीपासून?’’

‘‘जानेवारी. बीपी निघालं ना तेव्हापासून.’’

‘‘आणि खोकला?’’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटं मोजली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे पाहुणे आले होते, तेव्हा बाबा खोकत होते. म्हणजे गोळी सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी. जानेवारीत त्यांना सर्दी झाली होती, म्हणून सगळ्यांनी सर्दीवर बिल फाडलं होतं. गोळीचा विचार कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. गोळीने आजार बरा होतो, होत नाही... हा आपला साधा सरळ हिशोब!

ती गोळी होती रॅमिप्रिल. बीपीच्या गोळ्यांच्या ज्या गटाची नावं ‘प्रिल’वर संपतात (रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल), त्यातली एक. चांगली गोळी आहे, स्वस्त आहे, जगभर लाखो लोक घेतात. पण साधारण दहातल्या एखाद्याला ती असा कोरडा, गुदगुल्या केल्यासारखा खोकला देते. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. आणि तो पहिल्या दिवशीच येईल असं नाही, कित्येक आठवड्यांनीही येतो. म्हणूनच तर चकवतो.

मॅडमनी गोळी बदलून ‘सार्टन’ गटातली दिली. ‘‘लगेच थांबणार नाही. दोन-चार आठवडे द्या. आणि काका, एक लक्षात ठेवा, कुठलीही बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही. त्रास झाला तर आम्हाला सांगायचं, आम्ही बदलून देतो.’’

अठराव्या दिवशी बाबा रात्रभर झोपले. मी मोजत होते!

आता मी पडले जर्नालिस्ट. घरी जाऊन रात्रभर वाचलं. आणि जे सापडलं त्याने मी सॉलिड खूश झाले. या गोळीची गोष्ट सुरू होते ब्राझीलमध्ये, एका विषारी सापापासून. जराराका त्याचं नाव. तो चावला की माणसाचं बीपी धाडकन उतरतं. १९६०च्या दशकात सर्जिओ फेरेरा नावाच्या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने त्या विषातला एक घटक शोधला, जो आपल्या शरीरातल्या ब्रॅडिकायनिन नावाच्या रसायनाचा परिणाम वाढवतो. पुढे अमेरिकेत ओन्डेटी आणि कुशमन या दोघांनी त्याच धाग्यावरून काम करून कॅप्टोप्रिल बनवलं. १९८१ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. ‘प्रिल’ घराण्यातली ही थोरली बहीण. या गोळ्या ब्रॅडिकायनिन मोडू देत नाहीत, ते साठत जातं आणि काहींच्या घशाला-श्वासनळीला सतत टोचत राहतं, म्हणून खोकला!

सापाच्या विषातून गोळी, गोळीतून खोकला, खोकल्यातून ज्येष्ठमध... माझ्या डोक्यात मथळासुद्धा तयार होता. मी ही गोष्ट मित्रमैत्रिणींना इतक्यांदा सांगितली की ती माझी पार्टी स्टोरी झाली. हॅपी एंडिंगसकट.

फक्त तो एंड नव्हता.

दोन वाजता स्वयंपाकघरात

बाबांचा खोकला थांबून आठवडा-दहा दिवस झाले असतील. पाऊस नुकताच सुरू झाला होता. मी पुन्हा कुठल्याशा डेडलाइनवर जागी. आणि पुन्हा आवाज. खॉक. खॉक-खॉक.

अरे देवा, गोळी बदलूनही पुन्हा सुरू? मी उठले, आतलं दार हळूच उघडलं. बाबा डाव्या कुशीवर, तोंड उघडं, निवांत घोरत होते. शेजारची जागा रिकामी.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आत दिवा नव्हता. आई खिडकीपाशी स्टुलावर बसली होती, पुढे वाकून, दोन्ही हात ओट्यावर टेकून. पदर तोंडावर धरून खोकत होती. आवाज होऊ नये म्हणून.

‘‘आई? काय झालं?’’

‘‘काही नाही गं. झोप तू. तुझी ती डेडलाइन आहे ना?’’

‘‘कधीपासून होतंय असं?’’

‘‘कधीपासून म्हणजे... असतंच थोडंफार. तुझ्या बाबांसारखंच असेल.’’

‘‘बाबांना गोळीमुळे होत होतं, आई. तू कुठली गोळी घेतेस?’’

आई काही बोलली नाही. ती बोलायला श्वास जमवत होती, हे मला नंतर कळलं.

मी तिच्या पायाशी फरशीवर बसले. आणि एखाद्या अनोळखी माणसाची मुलाखत घ्यावी तसे प्रश्न विचारत गेले. उत्तरं अशी येत गेली की मला माझीच लाज वाटायला लागली.

रात्री झोपल्यावर तास-दोन तासांनी दचकून जाग येते. गुदमरल्यासारखं होतं, खोकला येतो. उठून बसलं, खिडकीपाशी आलं, की पंधरा-वीस मिनिटांनी बरं वाटतं. किती दिवस? ‘‘दिवाळीच्या आधीपासून असेल.’’ म्हणजे बाबांच्या खोकल्याच्याही आधीपासून! ‘‘मग बोलली का नाहीस?’’ ‘‘बोलले होते की. डॉक्टरांना दाखवलं पण होतं. अॅलर्जी म्हणाले. पंप दिलाय ना त्यांनी.’’

पंप दिला होता. फ्रीजवर, बिलांच्या डब्यामागे होता. मी रोज फ्रीज उघडत होते.

मग एकेक गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागली. आई एकाऐवजी तीन उशा घ्यायला लागली होती. आम्ही म्हटलं, हिची मान दुखते. आई फॉल-पिकोचं काम करते. तिने तिच्या जुन्या पायमशीनला मोटर बसवून घेतली होती. आम्ही म्हटलं, वा, आई मॉडर्न झाली! मी तर त्या मोटरचा फोटो काढून दादाला पाठवला होता. बाजारातून येताना ती दुसऱ्या मजल्यावर कुलकर्णीकाकूंच्या दारात थांबून गप्पा मारायची. आम्ही तिला चिडवायचो, ‘तुझा हॉल्ट आला.’ तिला गप्पा मारायच्याच नव्हत्या. तिला पुढचा जिना चढायला दम लागत होता आणि उभं राहायला एक निमित्त हवं होतं.

बाबा खोकले की सगळं घर उठायचं. दिवा लागायचा, पाणी गरम व्हायचं, मी गुगल उघडायचे. आई खोकली की आई उठून स्वयंपाकघरात जायची आणि दार लोटून घ्यायची.

आणि सर्वात भारी (खरंतर सर्वात वाईट) गोष्ट सांगते. त्याच मार्चमध्ये, महिला दिनाच्या एका पुरवणीसाठी मी लेख लिहिला होता. विषय? ‘बायका स्वतःच्या तब्येतीकडे दुर्लक्ष का करतात?’ तीन डॉक्टरांचे कोट्स, दोन केस स्टडीज, एक हजार शब्द. लिहिला आमच्याच हॉलमध्ये, रात्री, या स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर. छापून आल्यावर आईने कात्रण कापून फाइलला लावलं होतं.

‘लहानपणी कधी सांधे सुजले होते का?’

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच मॅडमकडे. यावेळी पिशवी नव्हती, फक्त पंप होता.

मॅडमनी आईच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाल्या, ‘‘ताई, जरा डाव्या कुशीवर वळा बघू.’’ पुन्हा ऐकलं. डोळे मिटून. क्लिनिकमधला पंखासुद्धा बंद करायला लावला. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला आयुष्यात कधी सुचला नसता.

‘‘लहानपणी कधी सांधे सुजले होते का तुमचे? तापाबरोबर?’’

आई विचारात पडली. मग म्हणाली, ‘‘चौथीत होते. आधी घसा खूप दुखला होता. मग पंधरा-वीस दिवसांनी ताप आला आणि गुडघा सुजला. तो उतरला की घोटा. मग कोपर. चालता येईना. आमच्या आईने निर्गुडीचा पाला गरम करून बांधला होता. दोन महिने शाळा बुडली. पण नंतर एकदम बरी झाले हो.’’

राजापूर तालुक्यातलं आईचं गाव. १९८०च्या आसपासची गोष्ट. ही गोष्ट मी कधी ऐकलीच नव्हती. गावच्या फणसांच्या, शिमग्याच्या, आज्जीच्या कितीतरी गोष्टी मला पाठ आहेत. ही नाही. कारण ‘नंतर बरी झाले’ म्हटल्यावर गोष्ट संपली ना!

सांध्यांची गोष्ट संपली होती. हृदयाची सुरू झाली होती.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. एका विशिष्ट जिवाणूने (स्ट्रेप्टोकोकस) लहान मुलांचा घसा दुखतो. त्यावर नीट अँटिबायोटिक मिळालं तर विषय तिथेच संपतो. नाही मिळालं तर काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी शरीराची स्वतःचीच फौज गोंधळते आणि जंतूंऐवजी आपल्याच सांध्यांवर, हृदयावर चाल करून जाते. याला रुमॅटिक फीव्हर म्हणतात. पाच ते पंधरा या वयात जास्त होतो. जिथे दाटीवाटी आहे, दवाखाना लांब आहे, तिथे जास्त. सांधे पूर्ण बरे होतात, मागे खूण ठेवत नाहीत. झडपांवर मात्र व्रण राहतो. ज्यांना हा ताप येऊन गेलाय त्यांना पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यायचं असतं. चौथीतल्या मुलीला निर्गुडीचा पाला मिळाला.

मग वीस, तीस, चाळीस वर्षं ती झडप हळूहळू जाड होत जाते, तिच्या पाकळ्या कडांना चिकटत जातात. आईची जी झडप बिघडली होती ती मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली, दोन पाकळ्यांची. पूर्ण उघडली की तिचं तोंड चार ते सहा चौरस सेंटीमीटर असायला हवं. इको केल्यावर आईचं निघालं १.१.

इकोच्या त्या अंधाऱ्या खोलीत मी स्क्रीनवर ती झडप पाहिली. काळ्या-करड्या ठिपक्यांमध्ये एक छोटं दार, जे उघडायचा प्रयत्न करतंय आणि अर्ध्यातच अडकतंय. दर सेकंदाला. रात्रंदिवस.

खोकला फुफ्फुसातून, कारण हृदयात

पण मग खोकला का? आणि रात्रीच का? हा माझा प्रश्न होता, आणि तुमचाही असेल.

दार अर्धंच उघडतं, त्यामुळे फुफ्फुसांतून हृदयाकडे येणारं रक्त मागे तुंबतं. सकाळी ठाणे स्टेशनच्या ब्रिजवर पुढची गर्दी हलत नाही तेव्हा मागे काय होतं, तसं. तुंबलं की दाब वाढतो आणि फुफ्फुसांत पाणी झिरपायला लागतं. दिवसभर उभं-बसलेलं असताना शरीरातलं बरंचसं पाणी पायांकडे असतं. आडवं झालं की ते परत छातीकडे येतं आणि आधीच तुंबलेल्या ब्रिजवर आणखी एक लोकल रिकामी होते! म्हणून झोपल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून जाग येते, खोकला येतो. उठून बसलं की पाणी पुन्हा खाली उतरतं आणि बरं वाटतं. आईच्या तीन उशा म्हणजे तिने स्वतःच शोधलेलं औषध होतं. मॅडमनी दुसराच प्रश्न विचारला होता, ‘किती उशा घेता?’ त्यांच्यासाठी ते बीपी मोजण्याइतकंच महत्त्वाचं माप होतं.

छातीत घरघर होते म्हणून अशा पेशंटला कधीकधी दमा समजलं जातं, पंप दिला जातो. आईच्या बाबतीत तेच झालं.

परत येताना रिक्षात आई अचानक म्हणाली, ‘‘तुझ्या वेळेला सातव्या महिन्यात मला असंच व्हायचं. आडवं पडता यायचं नाही. रात्र रात्र आरामखुर्चीत बसून काढलीय मी. सगळ्या म्हणायच्या, पोट वर आलंय, होतं असं.’’

गरोदरपणात अंगातलं रक्त खूप वाढतं, जवळजवळ दीडपट होतं. अरुंद झडपेवर तेव्हा सगळ्यात जास्त ताण येतो. आपल्याकडे कित्येक बायकांना झडपेचा आजार आहे हे तेव्हाच पहिल्यांदा कळतं. आईला तेव्हाही कळलं नाही, आणि निभावलं. मी रिक्षाच्या बाहेर पाहत राहिले. माझं वय अठ्ठावीस. म्हणजे अठ्ठावीस वर्षांपूर्वी, आरामखुर्चीतल्या त्या रात्री, काहीही होऊ शकलं असतं. तिला. आणि मला.

फुगा

आधी मॅडमनी ‘पाण्याची गोळी’ सुरू केली, म्हणजे लघवीवाटे जास्तीचं पाणी काढणारी. सोबत हृदयाचे ठोके आवरणारी एक गोळी. चौथ्या रात्री आई सलग पाच तास झोपली. सकाळी उठून म्हणाली, ‘‘मला वाटलं, झोप अशीच असते.’’ मला तिथेच रडू आलं.

पण गोळ्यांनी दार मोठं होत नाही. त्यासाठी ऑगस्टमध्ये मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये बलून करायचं ठरलं. छाती उघडायची नाही. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने छोटं भोक पाडून पलीकडे जायचं, झडपेच्या तोंडात फुगा ठेवायचा आणि फुगवायचा. चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. कांजी इनोउए या जपानी सर्जनने शोधलेली ही पद्धत १९८४ मध्ये जगापुढे आली. सगळ्यांना ती चालत नाही. झडपेवर फार चुना साठला असेल, ती गळत असेल किंवा कप्प्यात गुठळी असेल तर नाही. मग ऑपरेशन करून झडप बदलावी लागते. म्हणून आधी घशातून नळी घालून आणखी एक इको झाला. आईची झडप अजून लवचीक होती.

आदल्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी आणि बाबा. बाबा कमी बोलतात. त्यांची गोळ्यांची पिशवी मांडीवर होती. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘मी एवढा मोठ्यांदा खोकत होतो की तिचा कुणाला ऐकू आला नाही.’’

‘‘बाबा, तुमची काय चूक त्यात?’’

‘‘चूक नाही गं. पण शेजारी झोपतो ना मी.’’

मला उत्तर सुचलं नाही. मी तर जागी होते.

सकाळी आईला आत नेलं. दीड तासाने बाहेर आणलं. भूल फक्त मांडीपुरती, त्यामुळे ती पूर्ण शुद्धीवर होती. डॉक्टर म्हणाले, १.९. आता हे काही चार-सहा नाही, पण १.१च्या मानाने चिकटलेलं दार बऱ्यापैकी उघडलं. पुन्हा अरुंद होऊ शकतं, म्हणून इको ठरलेल्या वेळी करत राहायचं. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी. आई जिना चढली. मी मागे, बाबा त्याच्या मागे. दुसऱ्या मजल्यावर कुलकर्णीकाकू दार उघडून उभ्याच होत्या. आई म्हणाली, ‘‘नंतर येते हं,’’ आणि थांबलीच नाही.

आता जरा तुमच्याशी

हे वाचून प्रत्येक खोकल्याला हार्ट प्रॉब्लेम समजू नका. बहुतेक खोकले सर्दी, अॅलर्जी, दमा, अॅसिडिटी यांतलेच असतात. पण तुम्ही माझ्यासारखे असाल, म्हणजे सकाळी आठची लोकल, रात्री दहाला परत, आई-बाबांशी बोलणं म्हणजे ‘जेवलात का’ आणि ‘बिल भरलं का’, तर एक काम करा. या वीकेंडला घरी अर्धा तास बसा. चार प्रश्न विचारा. रात्री खोकला येतो का? उठून बसल्यावर बरं वाटतं का? किती उशा घेता? जिन्यावर मध्येच थांबावं लागतं का? आणि त्यांच्या गोळ्यांची पिशवी उलटी करून कुठली गोळी कधी सुरू झाली ते एका कागदावर तारखांसकट लिहा. तो कागद डॉक्टरांकडे न्या. गोळी मनाने बंद मात्र करू नका. रात्री गुदमरून जाग येत असेल, पाय सुजत असतील किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणू नका.

आणि लहान मुलाचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनी अँटिबायोटिक दिलं तर कोर्स पूर्ण करा. चौथीतली एक मुलगी आठवा.

आई आता एका उशीवर झोपते. मशीनची मोटर काढायची का विचारलं, तर म्हणाली, ‘‘राहू दे. सवय झालीय. आणि कामही पटापट होतं.’’ माझी ती सापाची पार्टी स्टोरी मी आता फारशी सांगत नाही. सांगितलीच तर पुढचा भागही सांगते, मग पार्टी जरा शांत होते.

परवा रात्री साडेनऊला स्वयंपाकघरातून जोरात खोकल्याचा आवाज आला. मी हॉलमधून धावले, बाबा आतून. दारात आमची टक्कर झाली. आई ओट्यापाशी उभी, डोळ्यांतून पाणी, हातात झारा.

‘‘अहो, मिरचीचा ठसका लागलाय!’’ ती म्हणाली. ‘‘फोडणी करू देणार आहात की नाही मला?’’